घरच्या टू-वे स्पीकरसाठी मिडवूफर कोणता घ्यावा: आठ इंची, साडेसहा इंची की पाच इंची

उदगीरचा माझा मावसभाऊ दीड महिन्यापासून रोज रात्री जेवण झालं की फोन करायलाय आणि विषय एकच, दादा मिडवूफर कोणता घेऊ सांग. ट्विटर, म्हणजे वरचा बारीक आवाज काढणारा छोटा ड्रायव्हर, त्यानं घेऊन ठेवलाय, एक इंची कापडी डोमचा, चांगला आहे. ॲम्प्लिफायर आहे, टीपीए३११६ चा बोर्ड, २४ व्होल्टच्या सप्लायवर. १८ मिमीचा प्लाय सुताराकडं जाऊन पडलाय. फक्त खालच्या मोठ्या ड्रायव्हरवर, म्हणजे मिडवूफरवर, सगळं अडलंय, कारण एकजण म्हणतो बेस पाहिजे तर आठ इंचीच घे, दुसरा म्हणतो ॲल्युमिनियमचा कोन (हलणारा पडदा) लै क्लियर वाजतो, तिसरा म्हणतो टू-वेत, म्हणजे दोनच ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये, पाच इंचीच्या पुढं जाऊच नये, आणि तिघांचंही थोडं थोडं खरं आहे हीच अडचण आहे. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं ते आता एकजागी लिहायलो, तुमच्यातलं कुणी ह्याच ठिकाणी अडकलं असेल तर कामाला येईल.

त्याच्या यादीत चार ड्रायव्हर आहेत. पहिला म्हणजे हैद्राबादला कोटीच्या गुजराती गल्लीत मिळतो तसला आठ इंची पीए वूफर, म्हणजे सभा-मंडपातल्या मोठ्या स्पीकरचा, मागं ताटलीएवढं मॅग्नेट, कोनाभोवती कापडाची घडीची कड, स्टिकरवर वॅटचा मोठा आकडा. दुसरा एसबी अकूस्टिक्सचा एसबी१७एनआरएक्ससी३५-८, साडेसहा इंची, कागदी कोन, रबरी कड. तिसरा त्याच कंपनीचा त्याच मापाचा पण ॲल्युमिनियमचा कोन असलेला एसबी१७एनएसी३५-८. चौथा पाच इंची, एसबी१५एनआरएक्ससी३०-८. ही नावं बघून घाबरू नका, वाचायची पद्धत सोपी आहे: सुरुवातीचा १५ किंवा १७ म्हणजे सेंटिमीटरमधलं माप, मधली अक्षरं कोन कशाचा आहे ते सांगतात, ३० किंवा ३५ म्हणजे व्हॉइस कॉईलचा, कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, व्यास मिलिमीटरमध्ये, आणि शेवटचा ८ म्हणजे ओम. कंपनीचा कारखाना इंडोनेशियात सुराबायाला आहे, इंजिनिअरिंग डेन्मार्कच्या लोकांचं. एकाच घरातले तीन ड्रायव्हर यादीत असल्यामुळं तुलना पण सरळ होते, फरक फक्त आकाराचा आणि कोनाचा उरतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलाच जोड असेल, खोली १०×१२ किंवा १२×१५ फुटाची असेल आणि मोजायचा माइक हाताशी नसेल तर साडेसहा इंची, कागदी कोन, रबरी कड, ८ ओम, आणि डेटाशीट, म्हणजे कंपनीचा आकड्यांचा कागद, असलेलाच ड्रायव्हर. बाकी सगळं लिहिणं हे का, आणि कुणी ह्यातून वेगळं जावं, त्यासाठी.

मिडवूफर ह्या नावात मिड आधी येतो आणि वूफर मागून. दुकानात मात्र आपण सगळे उलटं करतो, बोटानं कोन दाबून बघतो, मॅग्नेट उचलून बघतो, बेसचं गाणं लावा म्हणतो. टू-वे स्पीकरमध्ये हा एकटा ड्रायव्हर पखवाजाच्या धुमेपासून गाणाऱ्याच्या गळ्यापर्यंत जवळजवळ सगळं वाजवतो, ट्विटर फक्त वरचं बघतो. माणसाच्या आवाजाचा पाया १००-२०० हर्ट्झच्या आसपास असतो, पण शब्द कळतो तो २००० ते ४००० हर्ट्झमधून, श, च, ट सारखी अक्षरं तिथं राहतात आणि आपला कान पण त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट आहे. आता बघा, टू-वे चा क्रॉसओव्हर पडतो कुठं, तर २००० ते ३००० मध्येच. म्हणजे एक ड्रायव्हर सोडतो आणि दुसरा धरतो ते बरोबर शब्दाच्या तोंडावर. तिथं मिडवूफर कसा वागतो ह्यावर अख्खा स्पीकर ठरतो, बेस नंतरची गोष्ट आहे.

आठ इंचीची अडचण इथंच सुरू होते. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २००० हर्ट्झच्या लहरीची लांबी १७ सेंटिमीटर. आठ इंचीचा हलणारा भाग पण साधारण १६-१७ सेंटिमीटरच असतो. लहरीची लांबी कोनाच्या व्यासाएवढी झाली की आवाज चहूकडं पसरायचं सोडून टॉर्चसारखा समोर जायला लागतो, आणि हे एकदम होत नाही, त्याच्या खालूनच आकसायला सुरुवात होते. साडेसहा इंचीचा हलणारा भाग साधारण १२ सेंटिमीटर, त्याला ही वेळ २८०० च्या आसपास येते. पाच इंचीचा १० सेंटिमीटर, त्याला ३४०० वर. ट्विटर मात्र छोटा असल्यामुळं त्या ठिकाणी मस्त पसरत असतो, त्यामुळं आठ इंची आणि ट्विटरची जोडी २५०० ला लावली तर समोर बसणाऱ्याला बरोबर वाजतं आणि बाजूला बसणाऱ्याला मध्येच खड्डा ऐकू येतो.

मी हे नांदेडला स्वतःच्या घरात भोगलंय. माझा पहिला जोड आठ इंचीचा होता, वर एक स्वस्तातला ट्विटर, मध्ये बाजारातला रेडीमेड क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज दोघांत वाटून देणारं सर्किट. एकादशीला सकाळी कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं होतं, आई समोर जात्याजवळ बसलेली, तिला सगळं स्पष्ट, आणि वडील खिडकीशी बाजेवर, ते सारखं म्हणायले बुवा काय म्हणले रे, आवाज वाढव. आवाज वाढवला तर आईचे कान दुखायले आणि वडलांना तरी शब्द कळेनात. तेव्हा वाटलं वडलांचं ऐकू येणं कमी झालं. वर्षभरानं त्याच जागेवर साडेसहा इंचीचा जोड ठेवला, वडील त्याच बाजेवर, आणि अभंगाच्या मधलं निरूपण त्यांना न विचारता कळायलं. त्यांच्या कानाला काहीच झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाला पण आधी हेच विचारतो, तुमच्या घरात ऐकणारा माणूस कुठं बसतो. आपल्याकडं कोण दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसतं, कुणी बाजेवर असतं, कुणी स्वयंपाकघराच्या दारात, कुणी खाली सतरंजीवर.

आता कुणी म्हणेल मग आठ इंचीला १५०० वरच तोडा. तोडता येतं, पण मग ट्विटरनं १५०० पासून धरायला पाहिजे. एक इंची डोमचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे तो आपसूक घुमतो ती फ्रिक्वेन्सी, ७०० ते १००० हर्ट्झच्या दरम्यान असतो आणि क्रॉसओव्हर त्याच्या किमान दुप्पट वर ठेवावा असा साधा नियम, तोही फिल्टरचा चढ सप्तकाला २४ डीबीचा असेल तर. १५०० ला साधा डोम ओरडतो आणि मोठ्या आवाजात जळतो. वेव्हगाइड किंवा हॉर्न, म्हणजे पुढं भोंग्यासारखं तोंड, असलेला ट्विटर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं आठ इंची छान जमतो, पण तो दुसराच प्रोजेक्ट झाला आणि माझ्या भावाचा ट्विटर तसला नाही.

बरं बेसचं काय, आठ इंचीनं बेस तरी जास्त मिळेल ना. इथं बहुतेक जण फसतात. बेस म्हणजे किती हवा ढकलली, कोनाचं क्षेत्रफळ गुणिले कोन एका बाजूला किती सरळ हलू शकतो ते, डेटाशीटमध्ये एसडी आणि एक्समॅक्स. पीए आठ इंचीचा एसडी २१५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास पण एक्समॅक्स बऱ्याचदा ३ मिमीच, म्हणजे ६५ घन सेंटिमीटर. एसबी१७ चा एसडी ११८ पण एक्समॅक्स साडेपाच मिमी, गुणाकार तेवढाच, ६५. हवा सारखीच. वरून पीए वूफरचा रेझोनन्स ६०-७५ हर्ट्झच्या घरात असतो कारण त्याची कड आणि स्पायडर (कॉईल मधोमध धरणारी मागची चकती) मुद्दाम ताठ ठेवलेले असतात, मोठ्या आवाजात मार खावा म्हणून, आणि त्याच्या खाली तो झपाट्यानं पडतो. हाय-फाय साडेसहा इंचीचा रेझोनन्स त्याच्या निम्म्यावर-निम्म्याच्या थोडा वर असतो. म्हणजे घरातल्या आवाजावर खोल बेस लहान दिसणाऱ्याकडूनच जास्त मिळतो. संबळ लावून बघा, लहान संबळीचा कडकडाट दोघंही देतात, पण मोठ्या संबळीवर आकडी घासून जो घुमारा निघतो तो पीए वूफरमध्ये फक्त धप ऐकू येतो, लांबत नाही.

पीए वूफरची एक बाजू मात्र मान्य करायलाच पाहिजे. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर मिळणारा आवाज, ९४ डीबीच्या आसपास आणि साडेसहा इंचीची ८७ च्या, हा ७ डीबीचा फरक म्हणजे पाचपट वॅट. तुम्हाला घरासाठी नको, गल्लीतल्या भजनी मंडळासाठी मंदिराच्या ओट्यावर ठेवायला पाहिजे, समोर पन्नास-साठ माणसं उघड्यावर, तर साडेसहा इंची हाय-फाय ड्रायव्हर तिथं दमतो. तिथं आठ किंवा दहा इंची पीए आणि वर हॉर्न हेच बरोबर. कॉईल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो, १०० डिग्रीनं तापली तर ६ ओमचे ८.३ होतात आणि आवाज जवळजवळ ३ डीबी बसतो. पीए वूफरची जाड कॉईल हे तास-दोन तास सोसते. मे महिन्यात आपल्याकडं सावलीतच ४२-४३ डिग्री असते तेव्हा तर हे अजूनच जाणवतं.

आता कागद की ॲल्युमिनियम, ह्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण फोटो बघून पैसे इथंच चुकीच्या जागी जातात. ॲल्युमिनियमचा कोन ताठ असतो, एका ठरावीक फ्रिक्वेन्सीपर्यंत तो अख्खा पिस्टनसारखा एकजीव हलतो आणि तिथपर्यंत त्याचा आवाज खरंच फार स्वच्छ असतो, सतारीची खर्जाची तार ऐकली तर कळतं. पण त्याच्या वर गेलं की ताट वाजवल्यासारखा तो स्वतःच वाजायला लागतो. साडेसहा इंची धातूच्या कोनात हे शिखर साधारण ५००० ते ८००० मध्ये येतं आणि चांगलं ८-१० डीबी वर डोकं काढतं. तुम्ही म्हणाल क्रॉसओव्हर तर २२०० ला आहे, ५००० चं काय घेणंदेणं. पण साधा १२ डीबीचा फिल्टर एका सप्तकात १२ डीबीच खाली नेतो, त्यावर हे शिखर बसलं की त्यातले बरेच परत मिळाले, आणि ते ट्विटरच्या आवाजात मिसळून स आणि श ला एक पत्र्याची धार येते. शिवाय कोन २००० वाजवताना त्याच्या मोटरमध्ये जो तिसऱ्या पटीचा डिस्टॉर्शन तयार होतो तो ६००० ला पडतो, म्हणजे बरोबर शिखरावर, आणि हा तर क्रॉसओव्हरनं पण अडत नाही कारण तो ड्रायव्हरच्या आत जन्मतो. ह्याला उपाय आहे, २४ डीबीचा चढ, सोबत त्या शिखरासाठी कॉईल-कपॅसिटरचा ट्रॅप, पण तो ट्रॅप नेमका कुठं लावायचा हे मोजल्याशिवाय कळत नाही, अंदाजानं लावला तर दुसरंच काहीतरी बिघडतं.

कागदाचा कोन वर जाताना हळूहळू सुटतो, त्याच्यात आतल्या आत झिजवायची शक्ती जास्त, त्यामुळं त्याचं शिखर बुटकं आणि पसरट असतं, साध्या फिल्टरनं पण माफ करतो. कागद म्हणजे स्वस्त असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा की डेन्मार्कच्या स्कॅनस्पीकचा रेव्हलेटर १८डब्ल्यू/८५३१ हा कागदाचाच आहे, कोन कापून परत चिकटवलेला, आणि जगातल्या महागड्या स्पीकरमध्ये तो बसलाय. यामाहाचा १९७८ चा एनएस-१०, जो जगभरच्या स्टुडिओत होता, त्याचा पांढरा कोन कागदच. कोकणासारखी ओल आपल्याकडं नसते त्यामुळं कागद फुगायची भीती पण कमी, तरी वरून लेप दिलेला असेल तर तोच घ्या. पॉलिप्रॉपिलीनचा कोन हा तिसरा पर्याय, पाण्याला भीत नाही, गुळगुळीत वाजतो, मला गळ्याला थोडा सुस्त वाटतो पण ते माझं कानाचं मत आहे, वाईट ड्रायव्हर म्हणत नाही मी.

म्हणजे ॲल्युमिनियम कुणी घ्यावा, तर ज्याच्याकडं मोजायचा माइक आहे, आरईडब्ल्यू सारखं आवाज मोजायचं फुकट सॉफ्टवेअर वापरता येतं, आणि क्रॉसओव्हरवर दोन-तीन महिने घालवायची तयारी आहे. किंवा जो डीएसपी, म्हणजे डिजिटल फिल्टर, लावून दोन ॲम्प्लिफायरवर चालवणार आहे. त्याच्या हातात तो कागदाच्या पुढं जाईल. भावाच्या हातात आज नाही.

पाच इंचीचा विचार मात्र सहज सोडून देऊ नका. बोलणं, भावगीत, बासरी, एकट्या माणसाचा गळा, ह्यासाठी पाच इंची फार गोड वाजतो कारण तो ३००० पर्यंत मोकळा पसरतो. बीबीसीनं १९७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा मॉनिटर केला, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून निवेदकाचा आवाज तपासायला, त्यात केईएफचा बी११० म्हणजे पाच इंचीच ड्रायव्हर होता, बेक्स्ट्रीन प्लॅस्टिकचा कोन, बंद डबा साधारण ५ लिटरचा, क्रॉसओव्हर ३००० च्या आसपास. त्यांना पण शब्द पाहिजे होता. पण हवा किती ढकलतो ते बघा, साधारण ८० चौरस सेंटिमीटर गुणिले ५ मिमी, ४० घन सेंटिमीटर, आणि एक सप्तक खाली तेवढाच आवाज पाहिजे तर चौपट हवा लागते. टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी, दुकानाच्या गल्ल्यावर, मीटर-दीड मीटरवरून ऐकायचं तर पाच इंची घ्या, पैसे पण वाचतील. हॉलमध्ये तीन मीटरवरून पखवाजासकट ऐकायचं तर तो ओढायला लागतो, आणि मग माणूस वर्षभरात सबवूफर शोधायला निघतो.

डब्याचं गणित निवडीच्या आधीच करून बघा, कारण तुमच्याकडं जागा किती आहे त्यावर पण ड्रायव्हर ठरतो. समजा डेटाशीटमध्ये एफएस (ड्रायव्हरचा रेझोनन्स) ४० हर्ट्झ, क्यूटीएस (तो रेझोनन्स किती आवरलेला आहे) ०.३८, व्हीएएस (कड-स्पायडरएवढीच लवचिक असलेली हवा) ३० लिटर आहे. बंद डब्यात ०.७०७ च्या क्यूटीसीसाठी (डब्यात बसल्यावरचा क्यूटीएस): ०.७०७ ला ०.३८ नं भागा, आलं १.८६, त्याचा वर्ग ३.४६, त्यातून एक वजा, २.४६, आणि ३० ला त्यानं भागा, साधारण १२ लिटर. बेस ७४ हर्ट्झपर्यंत, तिथं ३ डीबी खाली. हाच ड्रायव्हर २१ लिटरच्या डब्यात नळी लावून ४० ला ट्यून केला तर ४० च्या आसपास जातो. फरक मोठा दिसतो, पण खोली विसरू नका. १२ फुटाची भिंत स्वतःच ४७ हर्ट्झला घुमते आणि १० फुटाची ५६ ला. शहाबादी फरशी, चार गिलावा केलेल्या भिंती आणि वर स्लॅब, मधे अडवायला काही नाही. कोपऱ्यात फळीवर ठेवणार असाल तर बंद डबाच बरा, खोली खालचा भाग भरून देते. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढं स्टँडवर ठेवणार असाल तर नळी. पत्र्याच्या खोलीत उलटं होतं, बेस पत्र्यातून निघून जातो आणि जाताना पत्रा खडखडवतो, तिथं पण नळीवाला सोसतो.

४ ओम की ८ ओम हा प्रश्न आपल्याकडं लाइट जाण्याशी जोडलेला आहे. भाऊ लाइट गेली की १२ व्होल्टच्या बॅटरीवर बोर्ड चालवतो. १२ व्होल्टवर कागदी हिशोबानं ८ ओमला ९ वॅट मिळतात, ४ ओमला १८. त्याला वाटलं ४ ओम घेतला तर दुप्पट. खरंय, पण हिशोब पूर्ण करा: ८७ डीबीच्या ड्रायव्हरमधून बॅफल स्टेप (काय ते पुढं सांगतो) भरून काढायला ३-४ डीबी गेले, उरले ८४ धरा, ९ वॅटवर साडेनऊ डीबी वर, म्हणजे एका मीटरवर ९३. घरात तेवढं पुष्कळ आहे, शेजारी उठून येतात. लाइट असताना २४ व्होल्टवर अजून ६ डीबी. उलट ४ ओमला क्रॉसओव्हरच्या कॉईली जाड लागतात आणि कपॅसिटर दुप्पट मोठे. अजून एक, ४ ओमच्या डेटाशीटवर ९० डीबी दिसलं की हुरळू नका, आकडा २.८३ व्होल्टवर दिलेला असतो आणि ४ ओमला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यातून ३ वजा करा मगच ८ ओमशी तुलना करा.

बॅफल स्टेप हा शब्द वर आला तो थोडक्यात: वरचा आवाज डब्याच्या समोरच्या फळीवरून पुढंच जातो, खालचा डब्याला वळसा घालून मागं पण जातो, त्यामुळं समोर खालचा आवाज कमी पडतो. २२ सेंटिमीटर रुंद फळीला हे ५२० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. हे भरलं नाही तर गळा चिरका आणि पातळ वाजतो आणि माणूस ड्रायव्हरला दोष देतो. रेडीमेड क्रॉसओव्हरमध्ये हे भरलेलं नसतंच, त्याला तुमचा डबा, तुमचा ड्रायव्हर काहीच माहीत नसतं. कॉईल स्वतः गुंडाळा, मोटार रिवायंडिंगवाला प्रत्येक गावात आहे, पंपाच्या मोटारीची इनॅमल तार तो किलोवर देतो, बिनकोअरची कॉईल घरी छान बनते.

राहिला पैशाचा प्रश्न. एका इम्पोर्टेडच्या पैशात गल्लीतले तीन-चार आठ इंची येतात हे खरंय, आणि रेल्वेनं सकाळी सिकंदराबादला उतरून संध्याकाळपर्यंत पिशवी भरून परत यायचा आनंद मला पण माहितीय. गल्लीतला घ्यायचाच असेल तर निदान त्याचे आकडे स्वतः काढा. १००० ओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, फोनमधल्या टोन जनरेटरवरून छोट्या ॲम्प्लिफायरमार्फत २० ते १५० हर्ट्झ हळूहळू फिरवा, ड्रायव्हरच्या टोकांवर मल्टीमीटर एसीवर ठेवा, जिथं व्होल्ट सगळ्यात जास्त तो एफएस. मग सोनाराकडून १० ग्रॅम माती तोलून आणा, पोरांची खेळायची चिकणी माती चालते, कोनावर मधल्या टोपीच्या कडेनं चिकटवा आणि परत मोजा. ४० चा ३२ झाला तर ४० भागिले ३२ चा वर्ग १.५६, त्यातून एक गेला ०.५६, आणि १० ला त्यानं भागलं की हलणारं वजन पावणेअठरा ग्रॅम. एका जोडीतल्या दोन नगांत एफएस १०-१५ हर्ट्झनं वेगळा निघाला तर ती जोडी नाहीच. माझ्याकडं असं झालंय, एकाच खोक्यातले दोन, एकाचा ५८ आणि एकाचा ७४, आणि दुकानदारानं परत घेतला नाही. गाणारा मधोमध उभा राहायच्या ऐवजी डावीकडं सरकून बसायचा.

कडेबद्दल एवढंच, फोमची कड असेल तर कितीही छान वाजला तरी सोडा, दहा-पंधरा वर्षांत ती चुरा होऊन पडते. रबरी कड टिकते. कापडाची पण टिकते पण ती पीए ची ताठ असते.

भावानं शेवटी परवा रात्री एसबी१७ चा कागदी जोड मागवला. त्याला सांगितलेल्या दोन गोष्टी तुम्हाला पण. सुताराला होल आत्ता पाडू देऊ नका, ड्रायव्हर हातात आल्यावर व्हर्नियरनं मापूनच पाडा, ट्विटर जितका जवळ येईल तितका आणा, दोघांच्या मध्यातलं अंतर १४-१५ सेंटिमीटर राहिलं तर उत्तम कारण २२०० ची लहर साडेपंधराचीच आहे. आणि नळीसाठी शेतातल्या पाइपलाइनचा ६३ मिमीचा पीव्हीसी तुकडा चालतो. वरच्या उदाहरणातल्या २१ लिटरला ४० हर्ट्झसाठी लांबी १९ सेंटिमीटर येते, पण आधी २२ कापा, डबा बंद करून फोनवरून ३० ते ५० पर्यंत टोन फिरवा, ज्या आकड्याला कोन जवळजवळ थांबतो आणि नळीतून वारा जोरात येतो ते तुमचं ट्यूनिंग, ते ४० ला येईपर्यंत एकेक सेंटिमीटर कापत जा. आत भिंतींना गादीवाल्याकडचं रेक्रॉन लावा, नळीच्या तोंडासमोर लावू नका, आणि नळीच्या आतल्या टोकाला बारीक जाळी बसवा, उंदीर आत शिरला तर रेक्रॉन आणि कोन दोन्ही कुरतडतो.